साहेब 'या' म्हणाले

तिला सगळे कवळीबाई म्हणत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकच खिडकी होती, आणि समोरच्या गॅरेजची भिंत सोडेल तेवढाच उजेड तिच्यातून आत येई. त्या उजेडात बसून ती लोकांचे दात करायची. डॉक्टर पुढच्या खोलीत माप घेत, म्हणजे पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबून "हलू नका, नाकाने श्वास घ्या" म्हणत. पुढचं सगळं तिचं. मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण जाऊन त्या जागी पक्की हिरडी आली की चाकावर घासायचं आणि पॉलिश करायचं. तिच्या फळीवर लोकांची तोंडं ओळीने मांडलेली असत. नवीन माणूस खोलीत आला की एक पाऊल मागे जाई.

या धंद्यात ती आली तीही तोंड धरूनच. वरचे पुढचे दोन दात नवऱ्याने पाडले होते. नवरा ट्रक चालवायचा. फेरीवरून घरी आला की आधी ट्रक धुवायचा आणि मग बायकोला. शेजारीपाजारी म्हणत, "आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?" पण दातच राहिले नाहीत तेव्हा ती म्हण तिच्या कामाची उरली नाही. ती दात बसवून घ्यायला आली, आणि साच्यांवरची धूळ झटकायला म्हणून राहिली ती राहिलीच.

एक गुण मात्र तिचा तिने कमावलेला नव्हता, तो आपसूक आला. बिनदातांच्या माणसाचं बोलणं तिला कळायचं. म्हातारी माणसं खुर्चीत बसून फफफ करत, पोटचे मुलगे "काय? काय म्हणताय?" म्हणून खेकसत, आणि डॉक्टर आतल्या बाजूला तोंड करून हाक देत, "कवळीबाई, काय म्हणतायत हो हे?" ती चाक न थांबवता सांगायची, "म्हणतायत, डावीकडे टोचतंय. आणि मुलाने सकाळपासून चहा दिला नाही."

नवऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून ती कोर्टात गेली, तेव्हा ड्रायव्हरने खळखळ केली नाही. दोघांची संमती म्हणून अर्ज झाला. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्याने तो लिहिला. वकील वगैरे काही नाही. आत पंखा गरगरत होता, साहेब म्हातारे होते, फायलींच्या ढिगामागून त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता. "तुम्हाला वेगळं व्हायचंय?" तिला विचारलं. ती हो म्हणाली. त्याला विचारलं. तोही हो म्हणाला. साहेबांनी काहीतरी लिहिलं, शिक्का उमटला, आणि मान वर न करता ते म्हणाले, "ठीक आहे. या."

आता आपल्याकडे 'या' म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. पाहुण्याला दारापर्यंत पोचवून आपण 'या' म्हणतो, 'जा' म्हणत नाही. जाणाराही 'येतो' म्हणतो. तिने मान लववली आणि ती निघाली. जिना तर ती पळतच उतरली. मध्यावर थांबून तिने वर पाहिलं. ड्रायव्हर शिपायाशी काहीतरी बोलत उभा होता. इतकी वर्षं ज्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, त्याला ती तिथून म्हणाली, "चल रे, येते मी!" आणि स्वतःच्याच धिटाईवर तोंडावर हात दाबून हसत रस्त्यावर आली.

पुढे काटेवाला भेटला. हा दुकानांतले तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा. आईची कवळी न्यायला आला आणि कवळी हातात घेऊन म्हणाला, "दोन्ही बाजूंना वजन सारखं आहे. छान काम आहे." तिच्या कामाला कुणी छान म्हटल्याची ती पहिलीच वेळ. कवळी घालणारे फक्त तक्रार करायला येतात. वर्ष सरायच्या आत दोघांनी नोंदणीच्या कचेरीत लग्न केलं. तिथल्या माणसाने विचारलं, "आधीचं?" तिने शिक्क्याचा कागद पुढे केला. त्याने शिक्का पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि सही केली.

काटेवाला सरळ माणूस. त्याची मोठी बहीण, म्हणजे हिच्या वन्सं, म्हणायच्या, "आमच्या भावाच्या सावलीलासुद्धा ओळंबा लावून बघा, रेघभर कलणार नाही." वन्संच्या तोंडून हे कौतुक यायचं आणि नजर मात्र भावजयीवर असायची, की हे कलतं माप आमच्या घरात कुठून आलं. पण त्याने कधी तिला मोठ्या आवाजात हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचा, तेही जपून, काचेचं भांडं ठेवावं तसं. बाहेर पडताना "येतो गं" म्हणायचा. अंघोळीला जातानासुद्धा "येतो गं" म्हणायचा. यावर ती हसायची. "न्हाणीघरातून आणखी कुठे जाणार तुम्ही?"

अशी बारा वर्षं गेली. मग काटेवाल्याच्या डोक्यात आलं, की राहतं घर दोघांच्या नावावर करावं. आपण काय आज आहोत, उद्या नाही. दोघं कचेरीत गेली. खिडकीमागे जाड भिंगांची एक बाई होती. तिने तो जुना कागद उलटापालटा केला.

"हा अर्ज झाला. निकाल कुठाय?"

"हाच की. शिक्का आहे त्यावर."

"शिक्का अर्ज मिळाल्याचा आहे, बाई. अर्जानंतर सहा महिने थांबवतात, मन बदलतंय का बघतात, मग पुन्हा दोघांना विचारतात. मग निकाल. साहेबांनी सांगितलं नाही?"

"साहेब म्हणाले होते, या."

"मग गेलात का?"

"गेलो की. लगेच निघालो."

खिडकीतली बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गालाला खळी पडली, मग खांदे हलायला लागले. "अगं इकडे या गं," तिने मागच्या टेबलांना हाक दिली, "हे ऐका! साहेब म्हणाले या, आणि ह्या गेल्या!" चार बायका हसायला जमल्या. एकीला तर खोकला लागला. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. कवळीबाईला दिसले. खिडकीवालीची वरची दाढ बसवलेली होती, आणि वाईट बसवलेली होती. तेवढंच तिच्या डोक्यात आलं. बाकी डोकं रिकामं होतं.

काटेवाला तिच्या दोन पावलं पुढे चालत घरी आला. घरी आल्यावर त्याने वजनांची पेटी उघडली आणि एकेक पितळी वजन पुसत बसला.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? शिक्का नसलेला काटा मी कुणाच्या दुकानात दिसला तर तिथल्या तिथे बंद करायला लावतो. आणि माझ्याच घरात बारा वर्षं..."

"काटा खरा असला तरी?"

"खरा-खोटा शिक्क्याने ठरतं."

संध्याकाळी त्याने आतल्या खोलीत हाक मारली, "अहो, चहा झालाय का?" तिला वाटलं, कुणी बाहेरची बाई आली आहे. ती डोकावली, तर खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो तिलाच म्हणाला होता. त्या दिवसापासून तो तिला 'अहो' म्हणायला लागला आणि पुढच्या खोलीत झोपायला लागला. परक्या माणसाच्या बायकोशी वागावं तितक्या आदराने तो वागायचा. ड्रायव्हरच्या माराला निदान आवाज होता.

"तुम्ही कोर्टातून मोकळ्या होऊन या," तो म्हणाला. "मग आपण पुन्हा लग्न करू. मी थांबतो." हे म्हणाला, आणि तो शब्दाचा पक्का होता. म्हणून तिला जगण्याला एवढं एकच काम उरलं. मोकळं व्हायचं.

वन्सं भेटायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "आता तुला आमची भावजय म्हणू की ड्रायव्हरीणबाई म्हणू?"

या वेळी तिने एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जुना अर्ज केव्हाच मेला. नवा करायचा. दोघं इतकी वर्षं वेगळी राहिली आहेत, साहेब पुन्हा सहा महिने थांबायला लावणार नाहीत, पण ड्रायव्हरने साहेबांसमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला हवं. आणि त्याच्या मनात आलं, तर पहिला नवरा असताना दुसरं लग्न केलं म्हणून तो हिच्यावर उलट तक्रारही करू शकतो. "त्याला दुखवू नका. गोड बोला, हातापाया पडा, पण हो म्हणवून घ्या."

ड्रायव्हर ट्रक-अड्ड्यामागे टायरच्या दुकानावर एका खोलीत राहत होता. तंबाखूने त्याचा एकूणएक दात खाल्ला होता. गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती. तिला बघून तो उठला नाही.

"आलीफ?" तो म्हणाला. "मला वाथलंफ."

तिला नीट कळलं. आलीस? मला वाटलंच. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, ते तिला कळलं, याचा तिला संताप आला. पण ती गोड बोलली. दातांच्या कण्या करणं म्हणजे काय ते तिने त्या खोलीत केलं, आणि समोर एकही दात नव्हता. तो म्हणाला, येईन कोर्टात. माझं काय जातंय.

आला. नवे साहेब तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, "तुमची संमती आहे?" ड्रायव्हर उभा राहिला आणि बोलायला लागला. बोलला, बोलला, हातवारे करून बोलला. लाळ उडाली. साहेब पुढे वाकले. "काय म्हणतायत हे?"

"हो म्हणतायत, साहेब," कवळीबाई पटकन म्हणाली.

तो काय म्हणाला होता, ते तिलाच माहीत. तो म्हणाला होता, हिला विचारा, इतक्या वर्षांत मी जेवलो का मेलो, हिने एकदा तरी विचारलं का.

"एवढं लांबलचक बोलले, आणि त्याचा अर्थ नुसता हो?" साहेब म्हणाले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. "तुम्ही पक्षकार आहात बाई, तुम्ही त्यांचं तोंड होऊ नका. मला त्यांचं त्यांच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. काय काम करता तुम्ही?"

"दात करते, साहेब. कवळ्या."

साहेब पहिल्यांदा हसले. "मग प्रश्नच मिटला. यांना दात बसवून आणा. पुढच्या महिन्यात या."

"या म्हणजे, साहेब?"

"या म्हणजे परत या!"

डॉक्टरांनी ड्रायव्हरचं माप घेतलं, आणि त्याचं तोंड तिच्या फळीवर आलं. मेण घालून बघायच्या दिवशी डॉक्टर पुढे गर्दीत होते, म्हणून तिनेच त्याला खुर्चीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या इतकी जवळ होती आणि त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर स्वस्थ होते. तिने मेणाची कड बोटाने दाबली, तेव्हा त्याने हिरड्या मिटल्या आणि तिचं बोट धरून ठेवलं. डोळे हसत होते. तिने बोट ओढून घेतलं, पुसलं, आणि पुन्हा काम सुरू केलं.

"एक फांगू?" तो त्याच्या फफफ भाषेत म्हणाला. "त्या दिवशी शिपाई सांगत होता मला. सहा महिन्यांनी दोघांनी परत यायचं. तू जिना उतरून गेली होतीस. पळत."

तिच्या हातातली मेणाची सुरी थांबली. "माहीत होतं तुला? मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"

खोटा चावा ठेवायचा तिला मोह झाला. उजवीकडची एक दाढ केसभर उंच ठेवली असती, तर प्रत्येक घासाला जबडा ठणकला असता, आणि कुणाला कारण सापडलं नसतं. पण तिला त्याच्या तोंडातून एक शब्द स्वच्छ हवा होता, आणि शब्द हवा तर सगळे दात खरे हवेत. डॉक्टर पेशंटकडून एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणवून घ्यायचे, 'स' नीट निघतो का बघायला. तिने वेगळा शब्द घेतला.

"म्हण, घटस्फोट."

"घतफ्फोत."

तिने पुढचे वरचे दात जरा आत घेतले. "म्हण."

"घटस्पोट."

"पुन्हा."

खालची ओळ तिने चिमूटभर मागे नेली. दातांत सुरी धरून, घाम पुसत, तिने तो शब्द त्याच्या तोंडात बसवला.

"घटस्फोट," ड्रायव्हर म्हणाला. घंटेसारखा खणखणीत.

"वा!" डॉक्टर दारातून म्हणाले. "काय शब्द काढलात! मी आपला एकसष्ट-बासष्टमध्येच जन्म घालवला."

पक्की कवळी बसली तेव्हा ड्रायव्हरने आरसा मागून घेतला. दहा वर्षांनी तरुण झाला होता तो. ओठ वर करून त्याने स्वतःचं हसू तपासलं. "तुझे दोन माझ्यामुळे गेले, माझे बत्तीस तुझ्यामुळे आले," तो म्हणाला. "फिटलं."

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "कवळीत अक्कलदाढा नसतात."

तारखेच्या दिवशी काटेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वन्संही आल्या होत्या, मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. साहेबांनी ड्रायव्हरकडे बघून भुवया वर केल्या. "अरे वा. आता बोला. घटस्फोटाला संमती आहे?"

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला. एकेक अक्षर मोजून घ्यावं असं. "मला घटस्फोट नको."

काटेवाल्याने खाली बघितलं.

"घटस्फोट नको, साहेब," ड्रायव्हर पुन्हा म्हणाला. तो शब्द त्याला आवडला होता. "आमचं भांडण होतं, ते मिटलं. हे दात बघा. हिने स्वतःच्या हाताने केले. तासन् तास माझ्या तोंडापाशी बसून केले. मी माझ्या बोलीत बोलायचो तर आख्ख्या जगात हिलाच कळायचं. कोण परक्यासाठी असं करतं?"

"बाई, दात तुम्हीच केलेत?"

"हो साहेब, पण तुम्हीच म्हणालात की बसवून..."

"बसवून आणा म्हणालो. इतके सुंदर बसवा, असं नव्हतो म्हणालो." बाकं पुन्हा हसली. साहेबांनी फाईल बंद केली. एकाचा नकार म्हणजे संमतीचा अर्ज संपला. लढायचं असेल तर वेगळा दावा लावा, साक्षीपुरावे आणा, वर्षं जातील. "झालं. या."

या वेळी तिने विचारलं नाही.

बाहेर जिन्यावर वकीलबाई काहीतरी बोलत होत्या, पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. ड्रायव्हर तिच्यापाशी आला. "घाबरू नकोस, तक्रार करणार नाही मी. स्वतःच्या बायकोवर कोण तक्रार करतो? याच जिन्यावरून म्हणाली होतीस ना, 'येते मी'? मी वाट बघतोय तेव्हापासून." आणि हसला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दाखवून.

वन्संनी मागून ऐकलं. "अगं बाई! पाहुणचार इथे आणि बोलावणं तिथे," त्या म्हणाल्या, आणि भावाच्या कोपराला धरून त्याला उतरवायला लागल्या.

काटेवाल्याने दोन दिवस विचार केला. माणूस न्यायी, एका बाजूने निकाल देणार नाही. तिने सांगितलं, वेगळा दावा लावते, थांबा. तो म्हणाला, "किती थांबायचं, ते ठरलेलं नाही. जे मोजता येत नाही, त्यावर मी शब्द देत नाही." तिने सांगितलं, शिक्का नसू दे, आपण दोघांनी मिळून खाल्लंय, आजारपणं काढलीयत, ते कुठे गेलं? त्याने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "त्याला तुमचं बोलणं कळतं आणि तुम्हाला त्याचं. मी ऐकलं ना कोर्टात."

त्याने वजनांची पेटी उचलली, कपड्यांची पिशवी उचलली. घर त्याचं होतं, पण ते त्याने तिच्याकडून काढून घेतलं नाही. राहा म्हणाला, मी ताईकडे राहीन. इतका चांगला. दारात चपला घालून तो उभा राहिला. ती वाट बघत होती. एवढा एक शब्द आला, तर त्यावर तिने पुढची सगळी वर्षं काढली असती. सवयीने आला असता तरी चाललं असतं.

"जातो," तो म्हणाला.

आणि जिना उतरून गेला.

ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. कुणीतरी कवळीत बोलत असतं, कुणीतरी कवळीवाचून, काम थांबत नाही. काही दिवसांनी पुढच्या खोलीतून ड्रायव्हरचा आवाज आला. उजवीकडे टोचतंय म्हणत होता. नवी कवळी टोचते, सगळ्यांनाच टोचते. डॉक्टरांनी ती त्याच्या तोंडातून काढली आणि तिच्या हातात आणून दिली. "कवळीबाई, उजवीकडे जरा घासा."

ती चाकाशी बसली. दारातून ड्रायव्हर तिच्याकडे बघत होता. गाल पुन्हा आत, हनुवटी पुन्हा वर. तो बोलायला लागला. घर झाडून ठेवलंय, म्हणाला. खाली टायरवाल्यालाही सांगून ठेवलंय, बायको येणार आहे. तो तुझा काटेवाला गेला ना? मग कशाला अडून बसतेस? आज संध्याकाळी येतेस का उद्या?

डॉक्टरांनी दोन्ही हात पसरले. बाकावर दोन पेशंट कौतुकाने ऐकत होते. "कवळीबाई, काय म्हणतायत हो हे?"

तिने वर पाहिलंही नाही.

"काही नाही, डॉक्टर. म्हणतायत, कवळी उद्या नेतो. जातो."

"असं होय? अहो, जातो म्हणू नये," डॉक्टर आपुलकीने म्हणाले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "बरं, या. या."

ड्रायव्हर हात नाचवून ओरडायला लागला. बाकावरचे पेशंट हसले, डॉक्टरही हसले, आणि त्याच्या पाठीवर थोपटत त्यांनी त्याला हळूच बाहेर केलं. आत तिने चाकाच्या पेडलवर पाय दाबला. उजवीकडून घासायला सुरुवात केली, आणि डावीकडच्या शेवटच्या दाढेपर्यंत ती थांबली नाही.